जिथे निकेल नाही

निकेलचं पिस्तूल टेबलावर आलं की मी आधी निकेल पाहत नाही. जिथे निकेल नसायला हवं, तिथे पाहते. स्मिथ अँड वेसनची जुनी खिशातली रिव्हॉल्व्हर, म्हणजे नळी खाली झुकवून मधोमध उघडणारी, कारखान्यातूनच निकेल होऊन आली असेल तर तिची चापाभोवतीची कडी निळ्या-काळ्या फिनिशची असते. घोडा आणि चाप केस हार्डनिंगचे असतात आणि त्यांच्यावर राखाडी, निळसर, तपकिरी रंगांचे ढग एकमेकांत मिसळलेले दिसतात. हाडांच्या आणि लाकडाच्या कोळशात भाग पुरून तापवायचे आणि मग पाण्यात विझवायचे, यातून तो रंग येतो. तो ब्रशने आणता येत नाही. घोडा, चाप, कडी सगळं एकसारखं लखलखत असेल तर ते काम बहुतेक वेळा कारखान्याचं नसतं. पुढे कधीतरी कुणीतरी पिस्तूल खोललं आणि सगळे भाग एकाच टाकीत सोडले, असा त्याचा अर्थ.

अमेरिकेतल्या एका लिलावगृहाच्या शस्त्र विभागात मी अनेक वर्षं हेच काम करते आहे. विक्रीला आलेल्या जुन्या पिस्तुलांचा पृष्ठभाग तपासायचा आणि तो मूळचा की मागून चढवलेला, हे कॅटलॉगसाठी लिहून द्यायचं. या कामाला मी आले ती प्लेटिंगमधून. भोसरीच्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये मी निकेलच्या टाक्या सांभाळत असे. रोज सकाळी हल सेल लावायचा, म्हणजे २६७ मिलिलिटरच्या तिरक्या डबीत टाकीतलं द्रावण घेऊन पितळी पत्रा प्लेट करायचा. पत्र्यावर चमक कुठे आहे, धूसरपणा कुठे आहे, काठ कुठे जळलाय, यावरून टाकीला काय हवंय ते कळतं. बोरिक ॲसिड घाला, पीएच उतरवा, ब्राइटनर थांबवा, अशा सूचना मी शिफ्टच्या माणसांना देत असे. त्या वेळी निकेलचा आणि इतिहासाचा काही संबंध असतो, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. लग्नानंतर मॅसॅच्युसेट्समध्ये आले आणि कनेटिकट नदीच्या खोऱ्यात राहायला लागले. मग जिकडे बघावं तिकडे बंदुकांच्या कारखान्यांच्या खुणा. स्प्रिंगफील्डला सरकारी शस्त्रागार होतं, ते १९६८ मध्ये बंद झालं. स्मिथ अँड वेसनचा कारखानाही तिथलाच. नदीच्या खालच्या अंगाला हार्टफर्ड, तिथे कोल्टच्या कारखान्याचा निळा घुमट अजून उभा आहे. वुस्टरला हॅरिंग्टन अँड रिचर्डसन, फिचबर्गला आयव्हर जॉन्सन, नॉर्विचला हॉपकिन्स अँड ॲलन. हा सगळा मुलूख लोखंड कोरणाऱ्यांचा, पॉलिश करणाऱ्यांचा आणि प्लेटिंगवाल्यांचा. मला इथे परकं वाटलं नाही, त्याचं एक कारण हेच.

नोकरीवर घेताना आमच्या विभागाचे वयस्कर प्रमुख म्हणाले होते, “पिस्तूल मी ओळखतो, प्लेटिंग तू ओळखतेस. एका टेबलावर बसू.” तेव्हापासून आम्ही एकाच टेबलावर बसतो. पिस्तूल हातात आलं की पहिलं काम ते रिकामं आहे याची खात्री करणं. त्यांनी पाहिलं असलं तरी मी पुन्हा पाहते आणि मी पाहिलं असलं तरी ते पुन्हा पाहतात. मग हातमोजे, दहापट भिंग आणि खिडकीचा उजेड. दिव्याच्या उजेडात निकेल फसवतं.

पिस्तुलांवर निकेल आलं कसं, हे समजून घेतल्याशिवाय तपासणी नुसती यादी होऊन बसते. निकेल विजेने चढवता येतं हे १८४० च्या दशकापासून माहीत होतं, पण थर टिकत नसे. कधी काळा पडे, कधी पापुद्र्यासारखा सुटे. बॉस्टनच्या आयझॅक ॲडम्स ज्युनिअरने शोधून काढलं की दोष द्रावणातल्या भेसळीचा आहे. पोटॅश, सोडा, ॲल्युमिना, चुना, नायट्रिक ॲसिड यांपासून मुक्त असं निकेल-अमोनियमचं द्रावण त्याने वापरलं आणि ऑगस्ट १८६९ मध्ये पेटंट घेतलं. भोसरीत टाकीतली घाण काढण्यासाठी आम्ही कार्बन फिल्टर लावायचो, डमी पत्रे टाकून ठेवायचो. ॲडम्सचं पेटंट पहिल्यांदा वाचलं तेव्हा आमच्या रोजच्या धडपडीचा मूळपुरुष मला भेटला. आणखी एक गोष्ट १८६९ मधलीच. आरपार भोकांच्या सिलिंडरचं, म्हणजे मागून धातूचं काडतूस भरता येईल अशा रिव्हॉल्व्हरचं, रोलिन व्हाइटचं पेटंट १८५५ पासून होतं आणि त्याच्या जोरावर स्मिथ अँड वेसनने इतरांना अडवून धरलं होतं. ते एप्रिल १८६९ मध्ये संपलं. चार महिन्यांच्या अंतराने एक दार उघडलं आणि एक साधन हाती आलं. पुढच्या दशकात न्यू इंग्लंडमधून काडतुसाच्या छोट्या, चमकत्या रिव्हॉल्व्हरचा जो पूर आला, त्याचा उगम मला या एका वर्षात दिसतो.

लोकांनी निकेल पसंत केलं ते नुसतं दिसायला छान म्हणून नव्हे. तेव्हाची दारू काळी. बार काढल्यावर जी राख उरे ती ओल धरून लोखंड खाई. पिस्तूल राही कोटाच्या नाहीतर पँटच्या खिशात, घामाजवळ. निळं फिनिश म्हणजे लोखंडावरचा ऑक्साइडचा अगदी पातळ थर, तो अशा वापरात लवकर विरतो. निकेल तग धरतं. पण निकेलचा एक स्वभाव आहे. जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवतं, निकेल तसं करत नाही. ते फक्त झाकतं. थराला सुईच्या टोकाएवढं जरी छिद्र असलं तरी आत गंज धरतो, निकेलखाली पसरत जातो आणि एके दिवशी पापुद्रा उचलून येतो. म्हणून निळं फिनिश झिजताना विरळ होत जातं आणि निकेल जाताना तुकड्याने जातं. त्या तुकड्याची कड भिंगाखाली पायरीसारखी दिसते. मूळ निकेलच्या कडेला ही पायरी स्वच्छ असते आणि खाली सपाट, जुनं, काळवंडलेलं लोखंड असतं. पुन्हा प्लेट केलेल्या पिस्तुलात निकेलच्या खालीच खड्डे असतात. आधी गंज, मग पॉलिश, मग निकेल, असा क्रम तिथे लिहिलेला असतो.

आणि पॉलिश. मागून केलेल्या कामाची खरी ओळख मला निकेलपेक्षा बफिंगमध्ये पटते. गंजाचे खड्डे काढायचे तर चाकावर धातू घासावाच लागतो. घासला की धारदार कडा गोल होतात. स्क्रूच्या भोकाभोवती बशीसारखा खळगा पडतो. नळीवरची अक्षरं उथळ होतात. अक्षर ठोकताना त्याच्या काठाला धातू अगदी बारीक उचलला जातो. मूळ पृष्ठभागावर बोट फिरवलं तर नखाला तो उंचवटा लागतो. बफ केलेल्यावर लागत नाही. कधीकधी पेटंटच्या तारखेतला शेवटचा आकडा नुसत्या छायेसारखा उरलेला असतो. कारखान्यात हे काम करणारे पॉलिशर कारागीर होते, कुठली कड राखायची आणि चाक कुठे थांबवायचं हे त्यांच्या हाताला माहीत होतं. सायकलींचे हँडल आणि गाड्यांचे बंपर प्लेट करणाऱ्या दुकानात पिस्तूल दिलं की ते हँडलसारखंच घासलं जातं.

चमकेचं शास्त्र माझ्या जुन्या धंद्यातलं आहे म्हणून त्यावर जरा थांबते. ॲडम्सच्या काळातलं निकेल टाकीतून निघताना मंद, दुधट असे. चमक यायची ती नंतरच्या बफिंगने. १९१६ मध्ये विस्कॉन्सिनच्या ऑलिव्हर वॉट्सने निकेल सल्फेट, निकेल क्लोराइड आणि बोरिक ॲसिडचं गरम द्रावण मांडलं. जगभरच्या टाक्या अजून त्याच पायावर चालतात, भोसरीतल्याही. १९३० च्या दशकात ब्राइटनर आले आणि टाकीतून थेट आरसा निघू लागला. त्यांपैकी एक म्हणजे सॅकरिन, साखरेऐवजी वापरतात तेच. तेव्हा १८९० च्या पिस्तुलावर भिंगाखाली बफिंगच्या बारीक समांतर रेषा दिसल्या की माझा जीव जरा भांड्यात पडतो. रेषा अजिबात नाहीत आणि पृष्ठभाग ओतीव पाण्यासारखा गुळगुळीत आहे, तर ती चमक बहुधा ब्राइटनरची. रंगही पाहते. निकेल पांढरं असलं तरी त्यात पिवळसर ऊब असते, वय वाढेल तशी ती जास्त जाणवते. निळसर, थंड चकाकी दिसली तर ते क्रोम. क्रोम प्लेटिंग धंद्यात आलं ते १९२० च्या दशकात, त्यामुळे १८८५ च्या पिस्तुलावर ते मूळचं असूच शकत नाही. झिजलेल्या कडेला तांब्याची लाली दिसली तरी मी थांबते, कारण खड्डे बुजवायला खाली तांबं भरण्याची रीत प्लेटिंगवाल्यांत आहे. अलीकडे हातात धरून चालवायचं एक्स-रे यंत्र आम्ही वापरतो. ते काही सेकंदांत निकेल, तांबं, क्रोम वेगळं सांगतं. तरी आधी डोळ्याने ठरवायचं आणि मग यंत्र लावायचं, हा क्रम आम्ही मोडत नाही.

संग्राहकांचं वेड जडतं ते प्रकारांवर. बाहेरच्याला दहा पिस्तुलं एकसारखी दिसतील. संग्राहकाला त्यांतली दोनच एकसारखी दिसतात आणि त्या दोघांतलाही फरक तो शोधत असतो. स्मिथ अँड वेसनने १८८० मध्ये .३२ आणि .३८ ची डबल ॲक्शन रिव्हॉल्व्हर काढली. डाव्या बाजूला यंत्रणेवर एक झाकण असतं. पहिल्या नमुन्यात त्या झाकणाच्या कडा सरळ कापलेल्या होत्या. सरळ कापाने चौकट कमजोर होते हे लगेच लक्षात आलं आणि झाकणाचा आकार वळणदार केला. .३२ मध्ये सरळ झाकणाची फक्त ३० पिस्तुलं बनली होती. एवढ्याशा रेषेसाठी माणसं आयुष्यभर वाट पाहतात. मला ते वेड समजतं. ती रेषा म्हणजे कारखान्यात कुणीतरी ‘हे चुकतंय’ म्हणाल्याची खूण आहे.

१८८७ मध्ये आलेल्या सेफ्टी हॅमरलेसचंही तसंच. घोडा आत दडलेला आणि मुठीच्या मागे दाबाची पट्टी. मूठ नीट आवळल्याशिवाय चाप चालत नाही. लोक तिला लिंबू पिळायचं यंत्र म्हणत. नळी उघडायची खिटी नमुन्यागणिक बदलत गेली आणि निव्वळ त्या खिटीवरून पिस्तुलाचा नमुना ओळखता येतो. रेमिंग्टनची .४१ ची दुनळी डेरिंजर १८६६ पासून १९३५ पर्यंत बनत राहिली. ती निकेलमध्येही येई, निळ्यातही. तिची वर्गवारी नळीवरच्या पत्त्यावरून होते. आधी ‘ई. रेमिंग्टन अँड सन्स’, १८८८ मध्ये कंपनी विकली गेल्यावर ‘रेमिंग्टन आर्म्स कंपनी’, नंतर ‘रेमिंग्टन आर्म्स-यूएमसी’. तिच्यात मी सगळ्यात आधी बिजागरी पाहते. नळ्या वर उचलायची ती पातळ बिजागरी तडकण्यासाठी प्रसिद्ध आहे. निकेल शाबूत आणि बिजागरीला तडा, असं चित्र नेहमीचं.

कोल्टच्या १९०३ च्या पॉकेट हॅमरलेसमध्ये मामला उलटा होतो. हे जॉन ब्राउनिंगने आखलेलं .३२ चं सपाट पिस्तूल. १९०३ ते १९४५ या काळात पाच लाखांहून जास्त बनली. नावात हॅमरलेस असलं तरी घोडा आहे, तो मागच्या आवरणाखाली झाकलेला आहे. संग्राहक त्याचे पाच प्रकार मानतात. पहिल्याची नळी चार इंची, दुसऱ्यापासून पाव इंच कमी, आणि तिसऱ्यापासून नळीच्या तोंडाची वेगळी बुशिंग गेली. चौथ्यात मॅगझिन काढलं की चाप अडवणारी सोय आली आणि पाचवा लष्करी. यात निळी उदंड आणि निकेल थोडी. म्हणून इथे धोका जुनं निकेल नवं करण्याचा नसतो, निळ्याचं निकेल करण्याचा असतो. किंमत वाढवायला कुणीतरी साधं निळं पिस्तूल प्लेट करून आणतं. अशा वेळी शेवटचा शब्द कारखान्याच्या नोंदवह्यांचा. कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन या दोघांच्याही जुन्या नोंदींवरून पत्र मागवता येतं. अमुक क्रमांकाचं पिस्तूल कोणत्या तारखेला, कोणत्या व्यापाऱ्याकडे, कोणत्या फिनिशमध्ये गेलं, हे त्यात येतं. पत्रात ‘निळं’ असेल तर टेबलावरच्या चमकेला अर्थ उरत नाही. स्मिथ अँड वेसनच्या पिस्तुलांवर आणखी खुणा मिळतात. कारखान्याने निकेल केलेल्या बऱ्याच पिस्तुलांवर मुठीखाली ‘एन’ ठोकलेला असतो. दुरुस्तीला परत येऊन पुन्हा फिनिश झालेल्यावर क्रमांकाजवळ एक तारा आणि मुठीच्या लाकडाखाली महिना-वर्षाचे आकडे. मला हा तारा फार आवडतो. आम्ही हे पुन्हा केलं आहे, असं कारखान्याने स्वतः लिहून ठेवलं आहे. याहून प्रामाणिक काही असू शकत नाही.

मूळ ग्राहकाला निकेल का हवं होतं, याचं एक पत्र संग्राहकांच्या जगात सगळ्यांना माहीत आहे. डॉज सिटीच्या बॅट मास्टरसन या माजी शेरीफने जुलै १८८५ मध्ये कोल्टला लिहिलेलं. निकेल केलेलं आखूड .४५ हवं, स्वतःच्या वापरासाठी आहे म्हणून जरा मन लावून करा, चाप हलका ठेवा, पुढची माशी थोडी उंच आणि जाड करा, नळी काडतूस ढकलायच्या सळईएवढीच असू द्या, अशा त्याच्या मागण्या. ते वाचताना मला भोसरीच्या काउंटरवर जॉब घेऊन आलेले गिऱ्हाईक आठवतात. आपल्याला काय हवं ते नेमकं ठाऊक असलेला माणूस असाच बोलतो.

पण निकेलच्या पिस्तुलांतली बहुतेक मास्टरसनसारख्यांची नव्हती. ती स्वस्त होती. टपालाने मागवता येत. लपवून नेता येतील अशा बंदुका सरकारी टपालाने पाठवायला बंदी आली ती १९२७ मध्ये. तोवर थोड्या डॉलरमध्ये ती कुणाच्याही घरी पोचत होती. सप्टेंबर १९०१ मध्ये बफेलोच्या प्रदर्शनात लिऑन चोल्गोशने राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांच्यावर गोळ्या झाडल्या, त्या आयव्हर जॉन्सनच्या .३२ रिव्हॉल्व्हरमधून. हातरुमालाखाली ती मावली होती. मॅकिन्ली आठ दिवसांनी गेले. ते पिस्तूल आज बफेलोच्या इतिहास संग्रहालयात आहे. त्याच कारखान्याची, मुठीवर घुबडाचं डोकं कोरलेली पिस्तुलं आमच्याकडे सतत येतात. मी ती हातात घेते तेव्हा ती माणसाला मारण्यासाठी बनली आहेत, हे विसरत नाही. या वस्तूंवर माझा जीव आहे आणि त्यांचं हे कामही मला माहीत आहे. दोन्ही खरं आहे, एकाने दुसरं पुसलं जात नाही. म्हणूनच नोंदी काटेकोर ठेवण्याचा मला कंटाळा येत नाही. इथल्या कायद्यात १८९८ पर्यंत बनलेलं पिस्तूल पुराणवस्तू धरलं जातं. त्यानंतरचं प्रत्येक पिस्तूल कुणाकडून आलं आणि कुणाकडे गेलं, हे वहीत चढतंच. एकाच नमुन्याची दोन पिस्तुलं, निकेल तेच, पण एक १८९७ चं आणि दुसरं १९०२ चं असेल तर त्यांची वाट वेगळी. राज्याचे कायदे त्यावर आणखी.

एकदा होल्योकहून एक वृद्ध बाई आल्या. सासऱ्यांचं पिस्तूल, .३८ ची सेफ्टी हॅमरलेस. सासरे कागदाच्या गिरणीत रात्रपाळीचे पहारेकरी होते. बाईंनी आणलं होतं ते विकण्याआधी पुन्हा निकेल करून घ्यावं का, हे विचारायला. मुठीच्या मागच्या पट्टीवरचं निकेल गेलेलं, तेही फक्त तळव्याच्या रुंदीएवढं. नळीच्या तोंडाशी उजव्या अंगाला एक पापुद्रा उडालेला. बाकी थर पिवळसर आणि शांत. चापाची कडी निळी, थोडी तपकिरी पडलेली. काळ्या रबराची मूठ उजेडाने चॉकलेटी झाली होती आणि ती उघडली तेव्हा आतल्या बाजूला पिस्तुलाचाच क्रमांक ओरखडलेला निघाला. मूठ मूळची होती.

मी म्हटलं, “हे प्लेट करू नका. चमक येईल, पण तुमच्या सासऱ्यांचा हात जाईल.”

त्या गप्प झाल्या. मग त्यांनी विचारलं, “इथे, या पट्टीवर?”

“हो. डाव्या बाजूला जास्त गेलंय, पाहा. ते उजव्या हाताने धरत असणार. बोटांची टोकं तिथे येतात.”

त्यांनी भिंग मागून घेतलं आणि बराच वेळ पाहिलं. कामातली माझी सर्वांत समाधानाची वेळ हीच. वर्षानुवर्षं ड्रॉवरमध्ये पडलेली वस्तू माणसाला पहिल्यांदा दिसते. बाईंनी ते विकलं नाही. कसं ठेवायचं ते मात्र विचारून कागदावर लिहून घेतलं. चामड्याच्या म्यानात ठेवू नका, कातडं कमावताना वापरलेली रसायनं आणि ओल दोन्ही धातूला लागतात. अमोनिया असलेलं क्लीनर वापरू नका, थराखाली तांबं असलं तर छिद्रातून आत जाऊन ते तांबं खातं. पॉलिशची पेस्ट तर मुळीच नको, कारण ती दर वेळी थोडं निकेल घेऊन जाते. कोरडं फडकं, हलकं तेल, वर मेणाचा पातळ हात. आणि ठेवायची जागा कुलपाची.

पुन्हा प्लेट करण्याबद्दल मी इतकं बोलते, त्यामुळे नव्या सहकाऱ्यांना वाटतं की कारखान्याबाहेरचं प्रत्येक निकेल मला खोटं वाटतं. तसं नाही. हे मला नीट सांगता आलं ते एका स्कोफील्डमुळे.

स्कोफील्ड म्हणजे स्मिथ अँड वेसनचं मोठं, .४५ चं लष्करी रिव्हॉल्व्हर. मेजर जॉर्ज स्कोफील्डने त्याची खिटी नळीवरून चौकटीवर आणली, म्हणजे घोड्यावर बसलेल्या स्वाराला एका हाताने ते उघडता यावं. १८७५ ते १८७७ या काळात सुमारे नऊ हजार बनली, बहुतेक सैन्याकडे गेली. नळी सात इंची, फिनिश निळं. पण सैन्याकडे कोल्टचंही .४५ होतं आणि त्याचं काडतूस लांब. ते स्कोफील्डमध्ये बसत नसे. दोन्ही दारूगोळे सांभाळण्याची कटकट नको म्हणून स्कोफील्ड बाजूला पडलं आणि व्यापाऱ्यांना विकलं गेलं. व्यापाऱ्यांनी त्यांतल्या अनेकांच्या नळ्या आखूड केल्या आणि वर निकेल चढवलं. वेल्स फार्गो या टपाल-मालवाहू कंपनीने पाच इंची नळीची कित्येक घेतली आणि त्यांच्यावर आपली आद्याक्षरं ठोकली. ती खूण इतकी किमती झाली की आता खोटी ठोकलेलीही फिरतात.

आमच्याकडे आलेल्यावर वेल्स फार्गोची खूण नव्हती. नळी पाच इंची, नव्याने बसवलेली माशी आणि सगळीकडे निकेल. लष्करी तपासनिसाची अक्षरं निकेलखाली बुजत आलेली. प्रमुखांनी नियमाप्रमाणे वहीत लिहिलं, ‘नळी कापलेली, पुन्हा फिनिश केलेलं.’ यात चूक काहीच नव्हती. पण भिंगाखाली बफिंगच्या रेषा होत्या, जुन्या पद्धतीच्या. थर पिवळसर होता, ब्राइटनरची चकाकी नव्हती. यंत्राने खाली तांबं दाखवलं नाही. आणि नळीच्या कापलेल्या तोंडावर निकेल होतं, त्याच वयाचं, त्याच झिजेचं. म्हणजे नळी कापली आणि निकेल केलं ते एकाच वेळी, एकाच दुकानात, आणि त्यानंतर कुणीतरी ते खूप वापरलं. सिलिंडरच्या पुढच्या कडेला म्यानाने घासून काढलेला पट्टा त्या वापराची साक्ष देत होता.

मी म्हटलं, “हे पुन्हा केलेलं आहे, पण पुन्हा केलेलंही शंभर वर्षांवरचं आहे. सैन्यातून निघून ते दुसऱ्या नोकरीला लागलं. ती नोकरीसुद्धा लिहायला हवी.”

ते म्हणाले, “कोणती नोकरी, ते सांगता येतं का?”

“नाही. मालकाचं नाव आपल्याकडे नाही, तेव्हा कुठल्याही कंपनीचं नाव घ्यायचं नाही. थर काय सांगतो तेवढंच लिहायचं.”

कॅटलॉगमध्ये एकेका शब्दाला जागा मोजावी लागते आणि ‘पुन्हा फिनिश केलेलं’ म्हटलं की खरेदीदार पान उलटतो. त्यांनी मला दोन ओळी जादा दिल्या. मी लिहिलं की नळी आखूड करणं आणि निकेल चढवणं हे एकाच काळातलं काम दिसतं, प्लेटिंग जुन्या, बफ केलेल्या पद्धतीचं आहे आणि त्यावरची झीज त्यानंतरच्या दीर्घ वापराची आहे. वेल्स फार्गोची खूण नाही, हेही स्पष्ट लिहिलं, म्हणजे पुढे कुणी ती ठोकली तर आमच्या छापील पानावरून पकडली जाईल. लिलावाआधीच्या पाहणीत एक संग्राहक ते पिस्तूल हातात घेऊन आमच्या टेबलापाशी आला आणि त्याने नळीच्या तोंडावरची ती कड दाखवायला सांगितली. मी भिंग पुढे केलं आणि खिडकीपाशी जागा करून दिली.